काळा खांब दिसला की लगेच चिमणी म्हणू नये

ओहोटीच्या वेळी ऐरोली किंवा वाशीच्या पुलाजवळ खाडीचा चिखल उघडा पडतो. त्यातली बरीचशी भोकं खेकड्यांची आणि निवट्यांची असतात, पण काहींतून अधूनमधून बुडबुडे येतात. वरच्या काही सेंटिमीटरांखाली या चिखलात ऑक्सिजन उरलेला नसतो. तिथले सूक्ष्मजीव पानं, शेवाळ, मैला असं सगळं कुजवतात आणि शेवटच्या टप्प्यात मिथेन तयार होतो. (खाडीला जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. मिथेनला वास नसतो.) असाच प्रकार समुद्रतळाखाली शेकडो मीटर खोलीवर कितीतरी मोठ्या प्रमाणात चालतो. पाणी आणि वायू वर येताना वाट फोडतात, आणि त्या वाटांच्या खुणा गाळात लाखो वर्षं टिकतात.

बोअर मारून एका जागेची माती कळते. पण वाट कुठून निघाली, कुठे थांबली, किती रुंद आहे हे बघायचं तर आवाज पाठवून परत येणारे प्रतिध्वनी नोंदवावे लागतात. अडचण अशी की वायू मातीत शिरला की तो आवाजालाही बिघडवतो. म्हणून या प्रतिध्वनींतून बनणारं सिस्मिक चित्र वाचताना दोन प्रश्न कायम वेगळे ठेवायचे: वायूने मातीचं काय केलं, आणि वायूने आवाजाचं काय केलं. चित्रात ही दोन्ही उत्तरं त्याच काळ्या-पांढऱ्या रेघांत मिसळून येतात, आणि चुकीची बहुतेक अनुमानं तिथेच जन्माला येतात. चित्रात काळा खांब दिसला की ती वायूची रुंद वाट, म्हणजे चिमणी, असं लगेच ठरवणं हे त्यातलंच.

वाट का फुटते

समुद्रतळावर नुकताच बसलेला बारीक चिखल घनफळाने सुमारे ७५ टक्के पाणी असतो. वर गाळ साचत गेला की तो दबतो, आणि किलोमीटरभर खाली जाईपर्यंत पाण्याचा वाटा ३५ टक्क्यांच्या आसपास येतो. हिशेब करून बघा. एक घनमीटर चिखलात २५० लिटर माती आणि ७५० लिटर पाणी. तीच २५० लिटर माती एकूण घनफळाच्या ६५ टक्के झाली की सोबत जेमतेम १३५ लिटर पाणी मावतं. उरलेल्या ६१५ लिटरला बाहेर पडावंच लागतं. गाळ सावकाश साचत असेल तर पाणी झिरपून निघून जातं. भराभर साचत असेल, किंवा वर घट्ट चिकणमातीचा थर असेल, तर पाणी अडकतं आणि वरच्या गाळाचं वजन कणांऐवजी पाणी पेलू लागतं.

वायू असेल तर दाब आणखी वाढतो. समुद्राचं पाणी दर घनमीटर सुमारे १०३० किलो भरतं. त्या खोलीवरचा दबलेला वायू १०० किलो धरला, तर १०० मीटर उंचीच्या वायूसाठ्याच्या माथ्यावर आजूबाजूच्या पाण्यापेक्षा सुमारे ९ बार जास्त दाब येतो. वरच्या थराला दाबून धरणारा सर्वांत कमी ताण आणि त्या मातीची स्वतःची ताणसहनशक्ती, या दोन्हींच्या बेरजेवर आतल्या दाबाने मात केली की थराला उभा तडा जातो. शिजलेल्या भातावरचं झाकण काढलं की वाफेने पाडलेली उभी, अरुंद भोकं दिसतात. गाळातल्या नळ्यांचा आकार बराचसा तसाच असतो, फक्त त्यांची रुंदी साधारण ५० ते ३०० मीटर आणि उंची शेकडो मीटर असते.

अशी नळी समुद्रतळापर्यंत पोचली की वरचा मऊ चिखल उचलला जातो, प्रवाह तो वाहून नेतो आणि मागे खळगा राहतो. त्याला पॉकमार्क म्हणतात. किंग आणि मॅकलीन यांनी १९७० साली कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्याजवळच्या खळग्यांचं पहिलं वर्णन केलं. पॉकमार्क काही मीटर व्यासाचा असू शकतो, तसाच काहीशे मीटरचाही. कडा स्पष्ट नसलेला, तडे आणि वायू यांनी भरलेला रुंद पट्टा म्हणजे चिमणी. आणि पाणी-वायूसोबत चिखलच वर आला तर चिखलाचा ज्वालामुखी. २४ सप्टेंबर २०१३ ला बलुचिस्तानात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि ग्वादरजवळ अरबी समुद्रात चिखलाचं आख्खं बेट वर आलं, ते याच जातीचं. पुढच्या काही वर्षांत लाटांनी ते धुऊन नेलं.

चित्र कसं बनतं, आणि किती बारीक दिसतं

जहाज मागे एअरगन ओढत चालतं. तिच्यात सुमारे २००० पीएसआय दाबाने भरलेली हवा एकदम सोडली की आवाजाची लहर खाली जाते. एका थरातून दुसऱ्या थरात जाताना लहरीचा काही भाग परततो आणि मागे ओढलेल्या स्ट्रीमर नावाच्या केबलमधले हायड्रोफोन (पाण्यातले मायक्रोफोन) तो नोंदवतात. यातून बनणाऱ्या उभ्या चित्राचा, म्हणजे सेक्शनचा, उभा अक्ष वेळेचा असतो, मिलिसेकंदांत, जाऊन येऊन. तो खोलीचा नाही. हे वाक्य पुढे सगळीकडे लागणार आहे.

किती पातळ थर दिसेल हे तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्यावर ठरतं. मऊ गाळात आवाजाचा वेग सेकंदाला १६०० मीटर आणि वारंवारता ५० हर्ट्झ असेल, तर तरंगलांबी ३२ मीटर, म्हणजे ८ मीटरपेक्षा पातळ थराचा माथा आणि तळ वेगळे दिसणार नाहीत. ४ किलोहर्ट्झच्या सब-बॉटम प्रोफायलरवर (तळाखालचे वरवरचे थर दाखवणारं यंत्र) हाच आकडा १० सेंटिमीटरवर येतो, पण तो आवाज मऊ चिखलात काही डझन मीटरच जातो. स्पार्कर आणि बूमर हे आवाजाचे स्रोत एअरगन आणि प्रोफायलर या दोघांच्या मधले.

आडवी स्पष्टता लोक विसरतात. प्रक्रिया न केलेल्या नोंदीत, एका सेकंदाच्या खोलीवर आणि ५० हर्ट्झला, परत येणारा प्रतिध्वनी सुमारे ११३ मीटर त्रिज्येच्या गोलातून आलेला असतो. ८० मीटरची नळी त्यात विरघळून जाते. मायग्रेशन ही गणिती प्रक्रिया तो गोल आक्रसवते, पण टूडी सर्व्हेत, म्हणजे सुट्या रेषांवर केलेल्या नोंदणीत, फक्त जहाजाच्या रेषेच्या दिशेने. बाजूने येणारा आवाज तसाच राहतो. समजा पाणी १५० मीटर खोल आहे आणि तुमच्या रेषेपासून १०० मीटर बाजूला एक पॉकमार्क आहे. तिथपर्यंतचं तिरकं अंतर १८० मीटर. त्याचा प्रतिध्वनी समुद्रतळानंतर ४० मिलिसेकंदांनी येणार आणि सेक्शनवर तो तळाखाली ३२ मीटरवर गाडलेल्या रचनेसारखा दिसणार. टूडी रेषेवर एकट्या दिसणाऱ्या अशा रचनेवर, शेजारच्या रेषेवर ती सापडेपर्यंत, विश्वास ठेवू नये.

तेलासाठी केलेला मोठा थ्रीडी सर्व्हे हाताशी असला तरी उथळ भागासाठी तो कामाला येईलच असं नाही. त्यात पहिला हायड्रोफोन स्रोतापासून दीडशे-दोनशे मीटर मागे असतो, त्यामुळे उथळ पाण्यात वरच्या थरांवरून परतलेले उभे किरण जवळजवळ नोंदवलेच जात नाहीत. स्ट्रीमर ८ मीटर खोल ओढली तर पाण्याच्या पृष्ठावरून उलटणारा प्रतिध्वनी ९४ हर्ट्झच्या आसपासची वारंवारता खाऊन टाकतो. नळ्या शोधायच्या तर स्ट्रीमर आखूड, उथळ आणि एकमेकींच्या जवळ हव्यात. पी-केबलसारख्या पद्धतीत त्या सुमारे १२.५ मीटर अंतराने ओढतात.

वायू आवाजाचं काय करतो

मातीच्या छिद्रांतल्या पाण्यात एक टक्का वायू मिसळला तरी दाबलहरीचा वेग एकदम कोसळतो. वायू सहज दबतो, आणि मिश्रणाचा मऊपणा त्याच्यावरच ठरतो. म्हणून थोडा वायू आणि भरपूर वायू सिस्मिक चित्रात जवळपास सारखेच दिसतात. चमकदार रेघ बघून साठा मोठा आहे असं ठरवणाऱ्यांची इथेच फसगत होते.

पहिली खूण म्हणजे ती चमक, ब्राइट स्पॉट. १७०० मीटर वेगाच्या चिखलाखाली वायू भरलेली, १००० मीटर वेगाची वाळू असेल आणि दोन्हींची घनता सारखी धरली, तर परावर्तनाचा गुणांक (लहरीचा किती हिस्सा परततो तो आकडा; उणे म्हणजे लहर उलटी होऊन परतते) उणे ०.२६ येतो. समुद्रतळाचा गुणांक साधारण अधिक ०.२ असतो. म्हणजे वायूची रेघ समुद्रतळाइतकीच ठळक, पण उलट्या चिन्हाची. कोणत्या कंपनीने कोणतं चिन्ह काळं छापलं याची पाटी वाचण्यापेक्षा समुद्रतळाची रेघ बघावी. तिचं चिन्ह अधिकच असतं, आणि संशयित रेघ तिच्याशी ताडून बघता येते. दुसरी पथ्याची गोष्ट: सेक्शनवर ऑटोमॅटिक गेन (फिक्या-ठळक रेघा आपोआप सारख्या करणारी प्रक्रिया) लावलेला असेल तर ठळकपणावर काहीही बोलू नये. तो गेन चमक दाबतो आणि तिच्या आजूबाजूला खोटे फिके पट्टे तयार करतो.

दुसरी खूण म्हणजे खालचे थर खाली झुकलेले दिसणं. ५० मीटर जाडीच्या पट्ट्यात वायूमुळे वेग १७०० वरून १२०० झाला, तर त्यातून जाऊन यायला ५९ ऐवजी ८३ मिलिसेकंद लागतात. २४ मिलिसेकंदांचा हा उशीर नेहमीच्या वेगाने खोलीत बदलला की खालचा सपाट थर २१ मीटर खचल्यासारखा दिसतो. थर खचलेलाच नसतो.

तिसरी खूण सगळ्यांत फसवी. वायूचे बुडबुडे आवाज शोषतात आणि विखुरतात, त्यामुळे खालचं चित्र पुसट किंवा कोरं होतं. सेक्शनवर उभा काळपट खांब दिसतो आणि त्याला चिमणी म्हणायचा मोह होतो. पण तो वरच्या वायूच्या थराची नुसती सावलीही असू शकतो.

एक खांब तपासताना

आधी माथा बघा. खांब जिथे सुरू होतो तिथे वर चमकदार रेघ, नदीचं जुनं पात्र किंवा कठीण कार्बोनेटचा (चुनखडीसारखा) पापुद्रा आहे का? खांबाची रुंदी बरोबर त्या वस्तूइतकीच असेल आणि तो सेक्शनच्या तळापर्यंत तसाच जात असेल, तर सावलीचा संशय पक्का धरावा. खऱ्या नळीला मूळ असतं. ती एखाद्या ठरावीक थरातून, बहुधा वाळूच्या उंचवट्यातून, निघते आणि त्याच्या खाली थर पुन्हा अखंड दिसतात.

मग जवळच्या आणि दूरच्या हायड्रोफोनची वेगवेगळी चित्रं काढून घ्या. दूरच्या हायड्रोफोनपर्यंत जाणारे किरण तिरके असतात, ते वरच्या वायूला वळसा घालून खाली शिरतात. सावली असेल तर या चित्रात ती अरुंद होते, कडा भरून येतात. खरा फुटलेला पट्टा असेल तर तो त्याच जागी टिकतो. ही तपासणी फुकटात होते, कारण नोंदी आधीच घेतलेल्या असतात. तरीही ती बहुतेकदा राहून जाते.

नंतर खांबाच्या आतल्या रेघा. वर वाकलेल्या रेघा म्हणजे थर खरोखर उचलले गेले, किंवा आत हायड्रेट (मिथेन आणि पाणी मिळून बनणारा बर्फासारखा पदार्थ) वा कार्बोनेट असल्यामुळे वेग वाढला. खाली वाकलेल्या असतील तर बहुधा वायू, किंवा थर कोसळलेले. वर पॉकमार्क असेल तर त्याच्या पाण्यामुळेही थोडा झोल येतो, पण तो मोजता येतो: २० मीटर खोल खळग्यामुळे २ ते ३ मिलिसेकंद. झोल त्याहून मोठा असेल तर कारण खाली आहे. वाकणं खोलीगणिक वाढत गेलं तर वेगाचा परिणाम समजावा. एका पातळीवर ते अचानक संपून वरचे थर सपाट पसरलेले असतील, तर ती जुनी, बंद पडलेली वाट आहे, आणि तिला झाकणाऱ्या पहिल्या सपाट थराचं वय हेच ती बंद पडल्याचं वय.

थ्रीडी नोंदी असतील तर आडवा काप घ्या. नळी गोल किंवा लंबगोल दिसते आणि खालच्या-वरच्या कापांत एकाखाली एक येते. जहाजाच्या रेषेला समांतर लांबट डाग दिसला तर ती नोंदणीतली खोट असण्याची शक्यता जास्त.

आणि मायग्रेशनचा वेग. तो जास्त धरला तर खळग्याच्या काठांतून वर वळलेल्या हसऱ्या रेघा फुटतात, कमी धरला तर उलट्या कमानी शिल्लक राहतात. दोन्ही रचनांसारख्या दिसतात. वेग पाच टक्क्यांनी वर-खाली करून चित्र पुन्हा काढावं. जे टिकतं त्यावर बोलावं.

ठाण्याच्या खाडीसारख्या उथळ पाण्यात

पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ चिखलात वायू आहे हे जुनं निरीक्षण आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात किनाऱ्याजवळच्या शेल्फवरचे (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावरचे) असे कोरे पट्टे प्रसिद्ध केले. खाडीत काम करताना त्यावर स्थानिक अडचणी चढतात.

५ मीटर पाण्यात समुद्रतळ आणि पृष्ठ यांच्यामध्ये आवाज उसळत राहतो आणि दर ६.७ मिलिसेकंदांनी तळाची खोटी नक्कल उमटते. या नक्कला खऱ्या थरांवर बसतात. उधाणाच्या दिवशी मुंबई बंदरात भरती-ओहोटीचा फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, म्हणजे सकाळी आणि दुपारी मारलेल्या दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे ६ मिलिसेकंदांचा फरक पडतो. भरतीची नोंद मिनिटागणिक ठेवली नसेल तर हा फरक नंतर दुरुस्त होत नाही. शक्य असेल तर भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असतो तेव्हा, काम करावं. डोलीच्या जाळ्यांचे खुंट कुठे आहेत हे दिवाळे, सारसोळे, वाशी गावातल्या कोळी बांधवांना आधी विचारावं. त्यात त्यांच्या जाळ्यांचीही काळजी आहे आणि केबलचीही.

बुडबुड्यांचा आकारही महत्त्वाचा. उथळ पाण्यात १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सुमारे ३.३ किलोहर्ट्झला घुमतो, आणि प्रोफायलरची नेहमीची वारंवारता ३.५ किलोहर्ट्झच्या आसपास असते. चिखलात हा आकडा थोडा सरकतो, पण नेमका तोच आवाज बुडबुडे गिळतात. अशा जागी प्रोफायलरची शक्ती वाढवून काही मिळत नाही, खालच्या वारंवारतेचा बूमर किंवा स्पार्कर लावावा लागतो.

बुलेट ट्रेनच्या बीकेसी ते शिळफाटा या २१ किलोमीटर बोगद्यातले ७ किलोमीटर खाडीखालून जातात, आणि तिथल्या तपासणीत अपवर्तन पद्धत (खालच्या वेगवान थरातून वळून धावत येणाऱ्या लहरी मोजण्याची) वापरली गेली. बसाल्टचा माथा शोधायला ती उत्तम, कारण खडकातला वेग वरच्या चिखलापेक्षा कितीतरी जास्त असतो. पण या पद्धतीत वेग खोलीबरोबर वाढत जाणं गृहीत असतं. मध्ये वायूचा मंद थर आला तर तो तिला दिसतच नाही, आणि खडकाची खोली असते त्यापेक्षा जास्त मोजली जाते. म्हणून अपवर्तनाचे आकडे बोअरशी जुळवल्याशिवाय वापरू नयेत.

खोल पाण्यात

खोल समुद्रात मिथेन आणि पाणी मिळून बर्फासारखं हायड्रेट बनतं. एक घनमीटर हायड्रेटमध्ये सुमारे १६४ घनमीटर वायू असतो. हायड्रेटच्या पट्ट्याच्या तळाशी सुट्टा वायू अडकतो आणि समुद्रतळाला समांतर, थरांना छेदून जाणारी, उलट्या चिन्हाची रेघ दिसते. तिला बीएसआर (बॉटम सिम्युलेटिंग रिफ्लेक्टर, म्हणजे तळाची नक्कल करणारी रेघ) म्हणतात. २००६ च्या भारतीय मोहिमेत जॉइडस रेझोल्यूशन या जहाजाने कृष्णा-गोदावरी खोऱ्यात १० क्रमांकाच्या ठिकाणी, चिकणमातीच्या तड्यांत, सुमारे १२८ मीटर जाडीचा हायड्रेटचा पट्टा खणून काढला. त्याच मोहिमेत केरळ-कोकण खोऱ्यातल्या विहिरीत हायड्रेट मिळालं नाही. समांतर रेघ दिसली म्हणून निष्कर्ष निघत नाही: ती थरांना खरोखर छेदते का आणि चिन्ह उलटं आहे का, हे दोन्ही बघावं लागतं.

वायूच्या पट्ट्याआडचं बघायचं असेल तर एस लहरी (कणांना आडवं हलवत जाणाऱ्या) वापरतात. त्या द्रवातून किंवा वायूतून जात नाहीत, मातीच्या सांगाड्यातून जातात, त्यामुळे छिद्रांत पाणी आहे की वायू याचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. एअरगनची दाबलहर खोल थरावर आपटली की तिचा काही भाग एस लहरीत बदलून वर येतो, पण तो पकडायला जिओफोन (मातीची हालचाल टिपणारी यंत्रं) समुद्रतळावरच ठेवावे लागतात. नॉर्वेच्या टॉमेलिटन क्षेत्रात १९९० च्या दशकात ही पद्धत यशस्वी ठरली, आणि वालहॉल क्षेत्रात २००३ पासून तळावर कायमस्वरूपी केबल आहेत. खर्च मोठा आहे, म्हणून रिगची जागा तपासण्याच्या साध्या साइट सर्व्हेत हे होत नाही.

वाट चालू आहे की बंद

सिस्मिक चित्र हा इतिहास सांगतं, आजचं सांगेलच असं नाही. आजचं बघायला पाण्यातच बघायचं. ३८ किलोहर्ट्झच्या इकोसाउंडरवर बुडबुड्यांची शेपटी तळापासून वर जाताना दिसते आणि प्रवाहाबरोबर कलते. माशांचा थवाही तसाच दिसतो, पण तो तळाला चिकटलेला नसतो आणि तासाभराने त्याच जागी सापडत नाही. ओहोटीला ५ मीटर पाणी कमी झालं की तळावरचा दाब अर्धा बार उतरतो आणि बुडबुडे वाढतात, म्हणून आपल्याकडे एकच फेरी भरतीला मारून जागा शांत आहे असं लिहिणं धोक्याचं.

हे सगळं का करायचं ते १९८५ च्या वेस्ट व्हॅनगार्ड दुर्घटनेत दिसतं. नॉर्वेच्या समुद्रात या रिगला उथळ वायू लागला, वायूबरोबर आलेल्या वाळूने तो बाजूला वळवणारे पाइप झिजवून फोडले, स्फोट झाला आणि एकाचा मृत्यू झाला. उथळ थरात विहीर बंद करून दाब अडवता येत नाही, कारण आजूबाजूची मऊ माती तो दाब झेलू शकत नाही आणि वायू रिगच्या पायाशीच वर फुटतो. मुंबई हायमधल्या रिग आणि प्लॅटफॉर्मच्या पायाखालच्या मातीवर काम करणारी ओएनजीसीची संस्था आपल्या पनवेलमध्येच आहे, त्यामुळे हा विषय इथे अनेकांच्या रोजच्या कामाचा आहे.

म्हणून रिगची जागा ठरवताना चमकदार रेघेपासून आणि नळीपासून बाजूला सरकणं हा पहिला उपाय. किती सरकायचं हे रेघेच्या कडेवरून ठरवताना मायग्रेशनमधली आडवी चूक त्यात मिळवावी, आणि वायूचा थर चढाच्या दिशेने पसरलेला असतो हे लक्षात घेऊन उताराच्या बाजूला सरकावं. सरकायला जागाच नसेल तर मुख्य विहिरीआधी कमी व्यासाचं पायलट होल मारतात, म्हणजे वायू लागलाच तर त्याला यायला वाट अरुंद मिळते आणि विहिरीत जड चिखल (खणताना वापरतात तो) भरून तो वायू दाबायला वेळ मिळतो. ते होल खणताना कॅमेऱ्याची रोबो-पाणबुडी विहिरीच्या तोंडाशी ठेवायची आणि बुडबुडा दिसताच खणणं थांबवायचं.